जिनिव्हा रायर

विम्याच्या नोकरीपायी मी आजवर सात गावांत भाड्यानं राहिलो. सहा घरमालकांनी मला नियम ऐकवले. सातव्यानं कराराचा कागद माझ्यापुढं ठेवला, स्वतः समोर बसला आणि विचारलं, "यांत तुमचा आक्षेप कोठें कोठें?"

गाव कुंभकोणम, आणि कागद चक्क मराठीत. गेट कधी लावायचं, गच्चीवर कपडे कुठल्या दोरीवर वाळत घालायचे, सगळं होतं. चौथ्या कलमात घरात सुकी मासळी आणू नये असं होतं. मी सांगलीचा, डोकं तापायला वेळ लागत नाही. म्हटलं, बाकी सगळं कबूल, हे नाही. मला वाटलं म्हातारा आता घर नाकारणार. त्यांनी खिशातून पेन काढलं, 'सुकी मासळी' या शब्दांच्या दोन्ही बाजूंना चौकोनी कंस काढले आणि समाधानानं मान हलवली.

"सरि, बरें. हा शब्द कंसांत गेला. आतां तो आहेही आणि नाहींही. सावकाश बोलूं. घाई काय?"

तीन वर्षं राहिलो तिथं. कंस तसाच राहिला. मी मासळी घरात आणली नाही आणि त्यांनी कंस पुसला नाही. बसस्टँडजवळच्या खानावळीत मी माझी हौस भागवून यायचो आणि जिन्यात भेटले की ते विचारायचे, "आज भोजन बाहेर वाटतें?" एवढंच.

रघोत्तमराव त्यांचं नाव. तंजावरच्या राजांच्या पदरी कारकुनी करायला आलेल्या मराठी घराण्यातले. अशा माणसांना तिथले तमिळ शेजारी रायर म्हणतात. त्या गल्लीत रायर पुष्कळ, म्हणून ओळखायला सोपं जावं यासाठी सगळे यांना जिनिव्हा रायर म्हणत. भाजीवाली म्हणे, पोस्टमन म्हणे. रिक्षावाल्याला घराचा पत्ता सांगायची गरज नव्हती, 'जिनिव्हा' म्हटलं की तो बरोबर दारात आणून सोडायचा.

कारण असं. दिल्लीत एक सरकारी कार्यालय आहे. दूरसंचाराच्या बाबतीत परदेशांशी जे काही बोलायचं ते या कार्यालयानं बोलायचं. कुठल्या देशाचा उपग्रह आकाशात कुठं उभा राहणार, कोणत्या लहरी कुणी वापरायच्या, समुद्राखालच्या तारा कुठून न्यायच्या, सरहद्दीवरच्या फोनच्या मनोऱ्याची लहर पलीकडच्या गावात किती जाऊ द्यायची, असल्या गोष्टी. त्यासाठी जिनिव्हाला साऱ्या जगाच्या बैठका भरतात, आणि रायर तिथं तीस वर्षं देशाच्या पाटीमागं बसले. पुढच्या खुर्चीवर मोठे साहेब. रायर मागच्या खुर्चीवर, मांडीवर कागद घेऊन. साहेब बदलत राहिले, मागची खुर्ची बदलली नाही.

मी एकदा म्हटलं, "रायर, एवढ्या देशांशी भांडायचं म्हणजे जिकिरीचंच काम."

"छे! बाहेरच्यांशीं बोलणें सोपें," ते म्हणाले. "जायच्या आधीं दिल्लींत बैसावें लागे. फौजेस त्याच लहरी पाहिजेत, आकाशवाणीस त्याच, विमानवाल्यांस त्याच, फोनवाल्यांस त्याच. सगळे आपलेच. सगळे रुसलेले. त्यांचें एक मत करून कागदावर आणणें, तें आमच्या हपीसाचें खरें काम. जिनिव्हा म्हणजे नुसती वाचून दाखवायची जागा."

त्यांचं मराठी ऐकताना मला पहिले काही दिवस जुन्या दप्तरातलं पत्र कुणी मोठ्यानं वाचतंय असं वाटायचं. मधेच तमिळ शब्द यायचे, आणि त्यांना माझं मराठी फार घाईचं वाटायचं. "तुम्ही सांगलीवाले शब्द गिळतां," असं ते अगदी प्रेमानं सांगत.

निवृत्त झाले तरी सवयी काही निवृत्त झाल्या नव्हत्या. बोलायचं असेल तर ते कधी मधे तोंड घालत नसत. त्या बैठकांत म्हणे ज्याला बोलायचं असेल तो आपल्या देशाची पाटी उभी करून ठेवतो आणि अध्यक्ष बोलावीपर्यंत गप्प बसतो. रायर घरी चष्म्याचं घर टेबलावर उभं करून ठेवत. बायको सरोजाबाई आणि मी गप्पांत असलो तर दहा दहा मिनिटं ते घर उभंच. मग सरोजाबाई म्हणत, "बोला हो, बोला," आणि हे आडवं करून बोलत. बहुतेक वेळा एवढंच असायचं, की गॅसवर दूध उतू चाललंय.

कुणाला सरळ 'नाही' म्हटलेलं त्यांच्या तोंडून मी ऐकलं नाही. नावडती गोष्ट कुणी सुचवली की ते म्हणत, "नोंद घेतली." गल्लीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं, नोंद घेतली म्हणजे मेलं ते. वाणसामानाच्या यादीतसुद्धा कंस. सरोजाबाई लिहीत तोंडली, हे तोंडल्याला कंस घालत, मग कॉफी व्हायची, आणि कॉफीनंतर तोंडली कंसातून सुटून पिशवीत यायची. कारण त्यांचा एक सिद्धांत होता. सभेत कुणी कुणाचं ऐकत नाही, माणसं ऐकतात ती कॉफीच्या रांगेत. त्यासाठी ते एक गोष्ट सांगत. शेजारच्या देशाचा एक अधिकारी त्यांच्याशी आठ दिवस शब्द बोलत नव्हता. वरून तसा हुकूमच होता. नवव्या दिवशी कॉफीच्या रांगेत रायरांनी खिशातून छोटी बाटली काढली. सरोजाबाईंनी दिलेलं नारत्तंगायचं, म्हणजे मोठ्या कडसर लिंबाचं लोणचं. पावाला लावून त्याला दिलं. त्यानंतर तिसऱ्या दिवशी तो स्वतःच पाव घेऊन आला. दोन देशांच्या सरहद्दीवरच्या मनोऱ्यांचा तंटा मिटला तो त्या बाटलीच्या बुडाशी, असं रायर सांगत. "सरकारी कागदांत लोणच्याचा उल्लेख नाहीं," असंही वर सांगत.

असा हा माणूस. आणि याच्या स्वतःच्या गल्लीत काय परिस्थिती? तर दोन भजनमठ, गल्लीच्या दोन टोकांना, तोंडं एकमेकांकडं.

पूर्वी एकच मठ होता. विठ्ठलाचं भजन, सगळी मराठी घरं त्यात. अकरा वर्षांपूर्वी एका उत्सवात पहिलं नाम उचलायच्या, म्हणजे भजन सुरू करून द्यायच्या वेळी, तो मान ज्यांचा ते रायरांचे थोरले भाऊ माधवराव पाय धुवायला मागं गेले होते. वेळ टळते म्हणून सरोजाबाईंच्या धाकट्या भावानं, गोपाळरावांनी, नाम उचललं. माधवराव ओल्या पायांनी परत आले तर भजन सुरू झालेलं! ते उभ्याउभ्याच बाहेर पडले आणि पश्चिम टोकाला त्यांनी वेगळा मठ मांडला. तेव्हापासून दोघांत बोलणं नाही. एकाच्या दारचं पान दुसरा खात नाही. मी असतो तर दोघांना एका खोलीत कोंडून किल्ली कावेरीत टाकली असती. पण रायर दिल्लीत होते, निवृत्तीनंतरही कार्यालयानं काही वर्षं सल्ल्यासाठी ठेवून घेतलेले, आणि परत आले तेव्हा दुखणं जुनं झालं होतं.

त्यात भरडल्या जात होत्या त्या सरोजाबाई. एका बाजूला थोरले दीर, दुसऱ्या बाजूला पाठचा भाऊ. एकादशीला त्या ना या मठात जात ना त्या. गल्लीच्या मधोमध आपल्या ओसरीवर बसत. तिथं दोन्हीकडचे कर्णे एकदम ऐकू येत, म्हणजे काहीच ऐकू येत नसे. हे मी स्वतः पाहिलंय. त्या भिंतीला टेकून डोळे मिटून बसायच्या आणि त्या कालव्यातून एकेकाचा सूर वेगळा काढायचा प्रयत्न करायच्या. मला ते बघवत नसे, मी वर निघून जायचो.

मग बिनतारी माइकचं प्रकरण झालं. माधवरावांनी बिनतारी माइक आणला. आठ दिवसांत गोपाळरावांनीही आणला, त्याच दुकानातून, तोच, कारण कमी पडायचं नव्हतं. एकादशीला संध्याकाळी दोन्हीकडं भजन बसलं. गोपाळरावांकडच्या मंडळींनी त्यांचं नाम झेलून परत म्हटलं. मग गोपाळराव घोटभर पाणी प्यायला थांबले. तेवढ्यात कर्ण्यातून पुढचं नाम आलं, खणखणीत. आता तिथला रिवाज असा आहे की भजनात कानावर नाम पडलं की ते परत म्हणायचंच, अनुत्तरित सोडणं हे पाप. मंडळींनी झकास झेललं. पुन्हा नाम आलं, पुन्हा झेललं. चांगली पाचसहा आवर्तनं झाली, झांजा चढत गेल्या, आणि मग कुणाचं तरी लक्ष गेलं की गोपाळराव हातात फुलपात्र घेऊन नुसतेच उभे आहेत, तोंड मिटलेलं. आवाज माधवरावांचा होता! गल्लीच्या त्या टोकाचा माइक या टोकाच्या कर्ण्यातून गात होता, आणि शत्रुपक्ष त्याला मनापासून साथ करत होता.

जो काय गोंधळ झाला म्हणता! हे म्हणाले त्यांनी मुद्दाम केलं, ते म्हणाले यांनी आमचं भजन चोरलं. दोन्हीकडची माणसं रायरांच्या ओसरीवर येऊन तावातावानं बोलू लागली. रायर मात्र पोरासारखे खुलले. हसू आवरत नव्हतं त्यांना. "तीस वर्षें मी जें कागदावर लिहिलें तें आज माझ्या दारांत आलें!" मला जवळ बोलावून म्हणाले. "दोघांच्या लहरी एक. जगांत सगळीकडे हेंच भांडण."

दुसऱ्या दिवशी चष्मा कपाळावर चढवून त्यांनी दोन्ही मठांतले संच उघडले, प्रत्येकाला वेगळी लहर लावून दिली आणि वहीत तशी नोंद केली, दोघांच्या सह्या घेऊन. माइकचं भांडण मिटलं. माणसांचं तिथंच राहिलं.

आणि त्याच सुमाराला रायरांची सत्तरी आली. त्या बाजूला सत्तरीला भीमरथशांत करतात. नवराबायकोला पाटावर बसवून मंत्रानं भारलेल्या कलशांचं पाणी दोघांच्या डोक्यावर घालायचं, पुन्हा लग्नच म्हणा. पुरोहित ठरले, दिवस ठरला. सरोजाबाईंनी एका सकाळी तोंडली चिरता चिरता सांगून टाकलं.

"दीर आणि गोपाळ, दोघे येऊन एकत्र भजन म्हणणार असतील तरच मी पाटावर बैसेन. एक आला आणि दुसरा राहिला, तर तुम्ही एकटे न्हा."

रायर म्हणाले, "नोंद घे..." आणि बायकोकडं बघून वाक्य अर्ध्यातच गिळलं.

"शांतीच्या आधींच्या शुक्रवारीं दुपारीं बारापर्यंत," सरोजाबाई म्हणाल्या. "मग मी पुरोहितांस नको म्हणून सांगणार."

त्या शुक्रवारापर्यंत रायरांना दोन महिने मिळाले होते. माणसानं ते कसे वापरले ते मी पाहिलं, आणि कुठल्याही साहेबाला केला नसता एवढा मान वाकवून मनातल्या मनात त्यांना नमस्कार केला. आधी एकट्या माधवरावांकडं. मग एकट्या गोपाळरावांकडं. कधी सोबत जवळच्या मरुदानल्लूर गावच्या जुन्या भजनी घरातली कुणीतरी माहितगार व्यक्ती, कधी नुसती लोणच्याची बाटली. मग एक मसुदा तयार झाला. एकादशी कुणी कुठं करायची, कर्ण्यांची तोंडं कोणीकडं, गोविंदपुरमच्या विठ्ठलाला जाताना बस एक की दोन, उत्सवात माळ कुणी घालायची. पहिल्या खेपेला सगळा मसुदा कंसांतच होता, शीर्षकासकट. रायर रोज संध्याकाळी एकेक कंस सोडवत. एखादा सुटला की वर माझ्या खोलीत येत, डोळे चमकत असत. "बसचा सुटला!" असं सांगून लगेच खाली जात. तेवढंच सांगायला दोन जिने चढत, सत्तरीचा माणूस. मी चहाबाज, पण त्या दिवसांत त्यांच्या आनंदासाठी म्हणून त्यांची कॉफी प्यायला शिकलो.

शुक्रवार उजाडला तेव्हा एकच कंस उरला होता. पहिलं नाम कोण उचलणार?

त्या दिवशी अकरा वाजता दोघे रायरांच्या घरी आले. अकरा वर्षांत पहिल्यांदा एका छपराखाली. एक पूर्वेकडं तोंड करून बसला, एक पश्चिमेकडं. मला रायरांनी मुद्दाम बोलावलं होतं, निरीक्षक म्हणून. "निरीक्षकास मत नसतें, खुर्ची असते," असं आधीच बजावून ठेवलं होतं.

रायरांनी सगळं करून पाहिलं. वयानं थोरला आधी, हे गोपाळरावांना नको. चिठ्ठी टाकू, हे माधवरावांना नको, विठ्ठलाचं नाम काय सोडतीत निघतं? दोघांनी एकदम म्हणावं, तर सूर कुणाचा धरायचा? दोघांनीही म्हणू नये, तिसऱ्यानं म्हणावं, तर तिसरा कुणाचा माणूस? बोलायचं असलं की माधवराव आपला पानाचा डबा उभा करत, गोपाळराव कॉफीचं रिकामं फुलपात्र पालथं घालत. रायरांच्या संगतीनं दोघांनाही ती शिस्त लागली होती, भांडत होते ते अगदी रीतसर. मला मात्र उठून दोघांची टाळकी एकमेकांवर आपटावीशी वाटत होती.

बाराला पाच कमी असताना रायर उठले, भिंतीवरचं घड्याळ उतरवलं आणि मागची बॅटरी काढून खिशात टाकली.

"हें काय?" माधवराव म्हणाले.

"जिनिव्हाची रीत आहे, अण्णा. शेवटच्या दिवशीं काम उरलें तर घड्याळ थांबवितात. करार होईपर्यंत बारा वाजत नाहींत."

आतून सरोजाबाईंचा आवाज आला. "स्वयंपाकघरांतलें घड्याळ चालतेंय."

रायर मटकन खाली बसले. तीन वर्षांत मी त्यांचा चेहरा असा पाहिला नव्हता. पेन हातात तसंच, पण लिहायला काही उरलं नव्हतं. सगळ्या जगाची भांडणं मिटवून आलेला माणूस, आणि आपल्या बायकोचं एक मागणं त्याला पुरं करता येत नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

सरोजाबाई कॉफी घेऊन बाहेर आल्या. चौघांपुढं ठेवली. मग आत न जाता उंबऱ्यापाशी भिंतीला टेकून बसल्या, डोळे मिटले आणि विठ्ठलाचं नाम उचललं.

आवाज बारीक, थोडा कापरा. त्या भजनात बाया मागं बसून झेलायच्या, पहिलं नाम बाईनं उचललेलं तिथं कुणी ऐकलं नव्हतं. पण नाम कानावर पडलं होतं. आणि पडलेलं नाम तसंच सोडणं त्या दोघांच्या रक्तात नव्हतं. माधवरावांचा हात मांडीवर ताल धरू लागला. गोपाळरावांनी खाकरून घसा मोकळा केला. बाईंनी नाम पुन्हा उचललं आणि दोघांनी झेललं, एकाच श्वासात, एकाच सुरात, एकमेकांकडं न बघता. तिसऱ्या वेळेला एकमेकांकडं बघून. पाचव्या वेळेला निरीक्षकसुद्धा गात होता.

चांगला अर्धा तास चाललं. कॉफीवर साय धरली. बारा कधीच वाजून गेले होते.

थांबल्यावर माधवरावांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "सरोजेनें उचलावें. माझा आक्षेप नाहीं." गोपाळरावांनी होकारार्थी मान हलवली. रायरांनी कागद पुढं ओढला, शेवटचा कंस सोडवला आणि तिथं बायकोचं नाव लिहिलं. मग बराच वेळ तिच्याकडंच बघत राहिले.

"दोन महिने सगळ्यांस बोलाविलें," मला हळूच म्हणाले. "हिला खुर्ची दिलीच नाहीं मी. हपीसांत असा कागद कुणी आणला असता तर मी परत पाठविला असता." आणि मग स्वतःवरच एवढे खदखदून हसले की पानाचा डबा कलंडला.

भीमरथशांत झाली त्याच दिवशी माझी बदलीची गाडी होती, दुपारची. पापनाशमच्या बाजूनं तंजावरला जाणारी. सामान आधीच स्टेशनवर पाठवलं होतं, तरी मी शेवटच्या क्षणापर्यंत मांडवात रेंगाळलो. दोघं पाटावर बसलेले, नव्या पिवळ्या वस्त्रांत. पुरोहितांनी कलश उचलले. मांडवात दोन्ही मठांची माणसं कशीही मिसळून बसली होती, माइक एकच, आणि सरोजाबाईंनी पाटावरूनच नाम उचलून दिल्यावर भजन असं चढलं होतं की मंत्र ऐकू येईनात. पुरोहित रागावले, पण त्यांचं कुणी ऐकलं नाही.

पाणी डोक्यावर आलं तसे रायर शहारले. चष्मा काढलेला, डोळ्यांत पाणी, काही दिसत नसावं. त्यांनी भजनाच्या दिशेनं मान वळवली, थोडा वेळ कान दिला आणि बायकोकडं झुकून विचारलं, "हा सूर कवणाचा? अण्णाचा कीं गोपाळाचा?"

सरोजाबाईंनी डोळे मिटून ऐकलं. केसांतून पाणी निथळत होतं. मग त्या हसल्या.

"मज कळेना," त्या म्हणाल्या.

वरून दुसरा कलश आला. दोघं तसेच भिजत, हसत बसले होते.